विहिरीचें पाणी कोणीं बिघडविलें ? जमिनीखालील पाण्याचा जमाखर्च

विहिरीचें पाणी बिघडलें म्हणजे शेतकऱ्यापुढें तीन प्रश्न एकदम उभे राहातात. हा बिघाड आला कोठून, तो आपल्याच विहिरींत कां आला, आणि तो जाणार केव्हां ? नाल्यांतून काळें पाणी वाहातांना दिसलें तर बोट दाखविण्यास जागा तरी असते. जमिनीखालून येणारें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं, त्यास रंग अगर वास असेलच असें नाहीं, आणि ज्या दिवशीं तें विहिरींत उतरतें त्यापूर्वीं कित्येक वर्षें तें वाटेवर असतें. मग कारखानदार म्हणतो, आमचें पाणी इतक्या लांब पोंचणेंच अशक्य. शेतकरी म्हणतो, तें तुमचेंच. चौकशीस आलेला अंमलदार दोघांचे जबाब लिहून घेतो आणि परत जातो. अशा तंट्यांत अलीकडे एक नवा साक्षीदार पुढें येऊं लागला आहे. तो म्हणजे संगणकावर मांडलेली जमिनीची गणिती प्रतिकृति. तिलाच सर्वत्र 'मॉडेल' म्हणतात. हा साक्षीदार काय सांगूं शकतो, कशाच्या आधारें सांगतो आणि त्याची उलटतपासणी कशी घ्यावी, हें जमीन धारण करणाऱ्या प्रत्येकानें समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि उमेद खर्ची पडली ती महसूल खात्याच्या कारकुनींत. शास्त्रज्ञ म्हणून बोलण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि या विषयावरील माहिती चाळतांना आम्हांस असें आढळून आलें कीं, याचा गाभा पदार्थविज्ञानाचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे. आणि हिशेब ही आमच्या हाताखालून गेलेली गोष्ट होय.

या विषयांत वारंवार ज्याचा दाखला दिला जातो तें प्रकरण आपल्या देशांतील नसून अमेरिकेंतील आहे. आम्हीं तेंच निवडलें, कारण त्यांत नुकसान सोसणारे लोक आपल्यासारखेच विहिरीवर बागाईत करणारे होते. कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हर शहराच्या ईशान्येस सुमारें दहा मैलांवर १९४२ सालीं अमेरिकन लष्करानें शेतीची जमीन ताब्यांत घेऊन रासायनिक अस्त्रांचा एक विस्तीर्ण कारखाना उभारला. रॉकी माउंटन आर्सेनल हें त्याचें नांव. क्षेत्र सुमारें १७,००० एकर. म्हणजे आपल्याकडील सहा-सात गांवांचें शिवार एकत्र केलें तर होईल तेवढें. महायुद्ध संपल्यावर याच आवारांत खासगी कंपन्यांनीं कीटकनाशकें बनविण्यास सुरुवात केली. १९५२ पासून १९८२ पर्यंत तें काम शेल कंपनीकडे होतें.

१९४३ पासून १९५६ पर्यंत या कारखान्याचें सांडपाणी आवारांतीलच उघड्या तळ्यांत सोडलें जाई. तळ्यांचा तळ साध्या मातीचा होता. त्यास कसलेंही अस्तर नव्हतें. तळें वर्षानुवर्षें भरत राहावें आणि तरी कांठावरून वाहूं नये, याचा अर्थ कोणत्याही गुराख्यास सांगतां आला असता. कांहीं पाणी उन्हानें उडे, बाकीचें खालीं मुरे. त्या भागांत वरची जमीन नदीच्या गाळाची, म्हणजे वाळू, खडे व माती यांच्या मिश्रणाची असून तिच्याखालीं कठीण थर आहे. तळ्यांच्या वायव्येस कांहीं मैलांवर साउथ प्लॅट नांवाची नदी वाहाते, व जमिनीखालील पाण्याचा ओढा साधारणतः तिच्याच दिशेनें आहे. तळीं आणि नदी यांच्यामध्यें शेतें व विहिरी होत्या.

१९५४ सालीं तेथें पाऊस नेहमीच्या निम्म्यावरच झाला. साहजिकच विहिरींचा उपसा वाढला. आणि हें विहिरीचें पाणी दिलेल्या शेतांतून पिकांचें भारी नुकसान झाल्याच्या तक्रारी आल्या. ज्या वर्षीं विहिरीचा आधार सर्वांत अधिक लागावा, त्याच वर्षीं ती उलटली. यांत दैवाचा भाग थोडा, गणिताचा अधिक. कारण पावसाचें व पाटाचें गोडें पाणी कमी मिळालें कीं खालच्या दूषित पाण्यांत मिसळण्यास कांहीं उरत नाहीं, आणि जोराच्या उपशानें तेंच पाणी पिकास अधिक वेळां दिलें जातें.

तक्रारीनंतर तपासणी झाली. त्या भागांतील मूळच्या चांगल्या पाण्यांत क्लोराइड, म्हणजे मिठाच्या जातीचा क्षार, लिटरास ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. बिघडलेल्या भागांत तो हजारांच्या घरांत गेलेला आढळला. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकांत हा क्षार २५० पर्यंत असावा, दुसरी सोय नसल्यास १,००० पर्यंत चालवून घ्यावा, असें ठरविलेलें आहे, यावरून वाचकांस प्रमाणाची कल्पना येईल. १९५६ सालीं विहिरींचे नमुने तपासून, कोठें किती क्षार आहे याचा नकाशा तयार झाला. त्याच सालीं लष्करानें डांबराचें अस्तर घातलेलें नवें तळें बांधून सांडपाणी त्यांत सोडण्यास प्रारंभ केला. पुढें १९६२ ते १९६६ या काळांत बारा हजार फुटांहून खोल विंधलेल्या एका विहिरींत तें पाणी दाबून भरण्याचाही प्रयोग झाला. परिणाम असा कीं, डेन्व्हरच्या परिसरांत भूकंपाचे धक्के बसूं लागले ! डेव्हिड इव्हान्स नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें १९६५ सालीं या दोन गोष्टींचा संबंध जाहीरपणें दाखवून दिल्यानंतर तें भरणें बंद झालें. हें थोडें विषयांतर खरें. परंतु नजरेआड केलेलें सांडपाणी हिशेबाबाहेर जात नाहीं, हें इतक्या जोरानें सांगणारें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यांतील लेनर्ड कोनिको यांनीं या क्षाराच्या प्रवासाचें गणित संगणकावर मांडून १९७७ सालीं तें प्रसिद्ध केलें. १९४३ पासून १९७२ पर्यंतचीं तीस वर्षें त्यांनीं पुन्हां एकदां कागदावर घडवून पाहिलीं. तें कसें केलें हें सांगण्यापूर्वीं जमिनीखालील पाणी चालतें कसें, हें पाहिलें पाहिजे.

फ्रान्समधील दिजाँ शहरास पाणी पुरविणारे इंजिनिअर हेन्री डार्सी यांनीं १८५६ सालीं वाळू भरलेल्या नळांतून पाणी सोडून एक नियम काढला. वाळूच्या दोन टोकांस पाण्याच्या पातळींत जितका अधिक फरक, तितका प्रवाह अधिक. आणि वाटेंतील वाळूची लांबी जितकी अधिक, तितका तो कमी. यांत वाळूचा स्वतःचा गुण मिळविला, म्हणजे जाडी वाळू पाणी किती सोडते व चिकणमाती किती अडवून धरते हें धरलें, कीं हिशेब पुरा होतो. एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका वाळूच्या थराचा गुण दिवसास १०० फूट आहे, आणि हजार फुटांत पाण्याची पातळी ५ फूट उतरते. गुणाकार करतां अर्धा फूट येतो. परंतु पाणी सबंध थरांतून जात नसून केवळ कणांमधील पोकळींतून जातें. पोकळी चौथा हिस्सा धरली तर पाण्याच्या थेंबाची खरी चाल चौपट, म्हणजे दिवसास २ फूट पडते. वर्षास ७३० फूट. पाऊण मैलावरील विहिरीस पोंचावयास साडेपांच वर्षें लागतील. ज्यानें आज तळें खणून सांडपाणी सोडलें तो साडेपांच वर्षें छातीवर हात ठेवून सांगूं शकेल कीं, पाहा, कोणाच्याही विहिरीस कांहीं झालेलें नाहीं.

एवढा हिशेब कागदावर होतो. मग संगणक कशाला ? तर जमीन ही वाळू भरलेला नळ नव्हे म्हणून. ती कोठें जाड आहे, कोठें पातळ. कोठें खडक वर आला आहे, कोठें पाट गळतो, कोठें पंप चालतो. कोनिको यांनीं सबंध प्रदेशाचे हजार फूट बाजूचे चौरस पाडले. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर शिवाराचे गट पाडले, आणि प्रत्येक गटास स्वतंत्र खातें उघडलें. खात्याच्या जमेच्या बाजूस चारी शेजाऱ्यांकडून आलेलें पाणी, पाऊस व सिंचन यांपैकीं मुरलेलें पाणी, पाटाची गळती आणि तळें असल्यास तळ्याची गळती. खर्चाच्या बाजूस शेजाऱ्यांकडे गेलेलें पाणी व विहिरींचा उपसा. बाकी राहिली ती शिल्लक, व शिल्लक वाढली कीं त्या गटांतील पाण्याची पातळी चढते. परंतु पातळी चढली कीं शेजाऱ्याकडे जाणारें पाणीही बदलतें, म्हणजे शेजाऱ्याचें खातें बदलतें, मग त्याच्या शेजाऱ्याचें. सर्व खातीं एकमेकांत गुंतलेलीं असल्यामुळें एक मिटवून दुसरें उघडतां येत नाहीं. सगळीं एकदम जुळेपर्यंत आंकडेमोड फिरवावी लागते. तालुक्याचा गोषवारा गांवोगांवच्या आंकड्यांशीं जुळेपर्यंत रात्र रात्र जागलेल्या कारकुनास हें निराळें समजावून सांगावयास नको. आम्ही दहा जण मिळून जें जन्मभर करीत बसलों असतों, तें हें यंत्र थोड्या वेळांत करतें. त्याचें शहाणपण एवढेंच. अधिक कांहीं नाहीं.

खतावणीस चतुःसीमा लागतात, तशा यालाही लागतात. एका बाजूस नदी असेल तर तेथील पातळी ठरलेली. दुसऱ्या बाजूस खडक वर आला असेल तर त्यांतून आवक-जावक शून्य. चतुःसीमा चुकीची लिहिली तर खरेदीखत जसें निकामी होतें, तशीच ही प्रतिकृतिही निकामी होते.

पाण्याचें खातें जुळलें कीं दुसरें खातें क्षाराचें. कोनिको यांच्या पद्धतींत प्रत्येक चौरसांत कांहीं कल्पित कण मांडतात, व प्रत्येक कणाच्या माथीं त्या जागचा क्षार लिहितात. पाण्याच्या चालीबरोबर हे कण थोडेथोडे पुढें सरकवावयाचे, आणि दर वेळीं एकेका चौरसांत कोणते कण येऊन बसले हें पाहून सरासरी काढावयाची. शिवाय सर्व थेंब सारख्या चालीनें जात नाहींत. कांहीं मोठ्या पोकळींतून धांवतात, कांहीं अरुंद वाटेंत अडकतात. त्यामुळें क्षाराचा लोंढा जसजसा पुढें जातो तसतसा कडेनें पसरत व विरत जातो. हा फैलावही हिशेबांत धरावा लागतो. आणि गोडें पाणी वरून मुरलें तर क्षार तेवढाच राहून पाणी वाढतें, म्हणजे खारेपणा उतरतो.

क्लोराइडच कां निवडला, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, हा क्षार वाटेंत मातीस चिकटत नाहीं, कुजत नाहीं, उडून जात नाहीं. पाणी जेथें जाईल तेथें तो जातो. पाण्याच्या पावलांचा माग काढण्यास याच्याइतका सरळ सोबती नाहीं. उलट कित्येक कीटकनाशकें मातीच्या कणांस धरून बसतात व पाण्याच्या फार मागें राहातात. त्यांच्यासाठीं खात्यांत आणखी एक सदर उघडावें लागतें. खतांतील नायट्रेट मात्र चालीनें क्लोराइडचाच भाऊ आहे, व त्याकडे आम्ही पुढें येणार आहोंत.

हिशेब मांडल्यानंतर त्याचा ताळा पाहिला पाहिजे. प्रतिकृतींतून निघालेला १९५६ सालचा क्षाराचा नकाशा व विहिरींच्या नमुन्यांवरून काढलेला त्याच सालचा नकाशा शेजारीं शेजारीं ठेवले. तसेंच पुढें १९७२ सालपर्यंत. दोन्ही चांगले जुळले. आणि मग तीन गोष्टी उघड झाल्या. पहिली, क्षार सर्व बाजूंस सारखा पसरला नव्हता. जेथें कठीण थर वर आला होता तेथें तो अडला, व जेथें गाळाचा थर सलग होता तेथून गेला. म्हणून एकाची विहीर खारट व दुसऱ्याची गोड, ही तक्रार करणाऱ्याची कल्पना नसून जमिनीची रचना होती. दुसरी, पाटाची गळती व सिंचनाचें मुरलेलें पाणी यांमुळें आर्सेनलखालच्या भागांत खारेपणा पुष्कळ उतरला. गळका पाट म्हणून ज्यास आपण शिव्या देतों, त्यानें तेथें विहिरी सांवरल्या. तिसरी, जुन्या तळ्यांत १९५६ नंतर जें स्वच्छ पाणी आलें तें मुरून त्यानेंही खालचें पाणी धुतलें गेलें. तरीसुद्धां हा थर आपोआप पूर्ववत् होण्यास पुष्कळ दशकें जावीं लागतील, असाच या अभ्यासांचा निष्कर्ष राहिला.

प्रकरण येथें संपलें नाहीं. १९७४ सालीं आर्सेनलच्या हद्दीबाहेरील पाण्यांत दोन रसायनें सांपडलीं. एक विषारी वायु बनवितांना उपजणारें, व दुसरें कीटकनाशकाच्या कारखान्यांत लागणारें. क्लोराइड कोठूनही येऊं शकतो असें म्हणण्यास जागा असते. या दोहोंवर मात्र जणूं कारखान्याची मोहोर उठलेली होती. १९७५ सालीं कोलोरॅडोच्या आरोग्य खात्यानें लष्करास व शेल कंपनीस प्रदूषण थांबविण्याचे हुकूम दिले. १९७९ सालीं त्याच भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें या रसायनांपैकीं पहिल्याच्या हालचालीचीही प्रतिकृति तयार केली. पुढें उत्तर हद्दीवर जमिनींत मातीची घट्ट भिंत घालून, तिच्या अलीकडे पाणी उपसून, तें कोळशांतून गाळून पलीकडे पुन्हां जमिनींत सोडण्याची व्यवस्था झाली. आवाराची साफसफाई २०१० सालीं पुरी झाली, व आज त्या जागेंत वन्य प्राण्यांचें अभयारण्य आहे. पाणी गाळण्याचें काम मात्र त्यानंतरही चालूच राहिलें.

आतां उलटतपासणी. ज्या साक्षीदाराची एवढी स्तुति केली त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कारण मॉडेल कारखानदारही आणूं शकतो, आणि रंगीत नकाशे पाहून आपले लोक फार लवकर गप्प बसतात.

पहिली उणीव हिशेबनीसाच्या ओळखीची आहे. दोन चुका एकमेकींस झांकतात. समजा, पावसाचें मुरलेलें पाणी आपण दुप्पट धरलें, आणि थराचा पाणी सोडण्याचा गुणही दुप्पट धरला. विहिरींतील पातळ्या पूर्वीं होत्या तशाच निघतील, ताळा बरोबर! परंतु पाण्याची चाल दुप्पट झालेली असेल, व क्षार दहा वर्षांऐवजीं पांच वर्षांतच विहिरीवर येईल. सबब केवळ पाण्याच्या पातळ्या जुळल्या म्हणून कोणी मॉडेल पुढें केलें, तर विचारावें कीं क्षाराचा जुना नमुना कोणत्या सालचा आहे व तो जुळला काय ? आर्सेनलचा हिशेब वजनदार ठरला तो याच कारणानें. त्यापाठीमागें निरनिराळ्या वर्षीं घेतलेले विहिरींचे नमुने होते.

दुसरी उणीव अल्प मुदतीची. त्याच कोलोरॅडो राज्यांत आर्कन्सॉ नदीच्या खोऱ्यांतील सिंचनाच्या एका पट्ट्यांत, पाण्याचा खारेपणा कसा वाढेल याचें गणित कोनिको व जॉन ब्रेडहोफ्ट यांनीं १९७४ सालीं मांडलें होतें. त्यास आधार होता केवळ एका वर्षाच्या मापनांचा, १९७१-७२ सालच्या. त्यावरून वर्षागणिक खारेपणा वाढत जाईल असें दिसत होतें. दहा वर्षांनंतर पुन्हां पाणी तपासलें तों तशी वाढ आढळली नाहीं. एका वर्षाचा चढ हा कायमचा चढ समजला गेला होता. ही गोष्ट दुसऱ्या कोणी उघडकीस आणली नाहीं. १९८५ सालच्या निबंधांत स्वतः कोनिको यांनींच एका सहकाऱ्याबरोबर ती मांडली. पुढें १९९२ सालीं कोनिको व ब्रेडहोफ्ट यांनीं असेंही लिहिलें कीं, भूजलाचें कोणतेंही मॉडेल खरें म्हणून सिद्ध करतां येत नाहीं. तें चुकीचें ठरलें नाहीं एवढेंच फार तर म्हणतां येतें. ज्यानें हें यंत्र घडविलें तोच असें म्हणतो, तेव्हां त्याच्या शब्दास आम्ही अधिक मान देतों.

आमच्या खात्यांतील जुनी आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, ती याच जातीची वस्तु होय. गांवांतील मोजक्या शेतांवरून सबंध गांवाचें पीक ठरवावयाचें. शेतें नीट निवडलीं तर न्याय होतो, रस्त्याकडेचीं निवडलीं तर गांव बुडतो. मॉडेलमध्यें विहिरी कोणत्या निवडल्या, हा प्रश्न याच तोलाचा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या भूमीची आहे. दार्सीच्या नळांत वाळू होती व आर्सेनलखालीं नदीचा गाळ. आपल्या दख्खनच्या पठारावर काळा कातळ आहे; त्यावर मुरूम, आणि कातळांत भेगा व सांधे. येथें पाणी मुरमांतून व भेगांतून चालतें. एका बांधावर भरलेली विहीर व चाळीस हातांवर कोरडी, हें आपण रोज पाहातों. अशा भेगांतून दूषित पाणी वाळूपेक्षां किती तरी वेगानें एखाद्याच विहिरीवर जाऊन आदळूं शकतें, आणि मधल्या दोन विहिरींस त्याचा पत्ताही नसतो. म्हणून वाळूच्या देशांत तयार झालेला हिशेब येथें जसाच्या तसा लावणाऱ्यास, भेगांची दिशा पाहिली काय, असें विचारण्याचा आपणांस हक्क आहे. तापी व पूर्णा यांच्या खोऱ्यांत मात्र गाळाचे जाड थर आहेत. तेथें वरील रीत अधिक जवळची. परंतु तेथें निराळीच अडचण. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यांत भूजल निसर्गतःच खारें आहे. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर नवा क्षार किती व जुना किती, हें कोणतें यंत्र सांगणार ?

आणि एक गोष्ट, जी आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाहीं. विहिरीचें पाणी बिघडविणारा नेहमीं कारखानदारच असतो असें नव्हे. नायट्रेट पाण्याबरोबर खालीं उतरतें, हें वर सांगितलेंच आहे. पिकास घेतां येईल त्यापेक्षां अधिक युरिया दिला आणि वर पाटानें शेत भरून पाणी सोडलें, तर उरलेलें नत्र मुळांखालीं जाऊन सावकाश विहिरींत येतें. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें असें मानक आहे, व तान्ह्या मुलांस त्याचा विशेष धोका आहे. गोठ्याचा उकिरडा विहिरीच्या कांठीं असेल तर तोही याच खात्यांत जमा होतो.

आमच्या नोकरींत बिघडलेल्या विहिरींच्या पंचनाम्याचे कागद आमच्या टेबलावरून गेले. त्यांतील एक अजून आठवतो. पंचांनीं लिहिलें होतें कीं, पाणी पूर्वीं गोड होतें, आतां पिकास चालत नाहीं. पूर्वीं म्हणजे केव्हां, गोड म्हणजे किती, याचा पुरावा एकाही खातेदाराजवळ नव्हता. प्रयोगशाळेचा अहवाल होता तो बिघाड झाल्यानंतरचा, तोही एकाच विहिरीचा. अर्ज निकालांत निघाला. अशा गांवांत जगांतील उत्तम मॉडेल आणलें तरी त्यास ताळा कशाशीं पाहावयाचा हें कळलें नसतें. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींच्या पातळ्या मोजीत आली आहे, व त्या नोंदी बहुमोल आहेत. परंतु निरीक्षण-विहीर तुमच्या गटांत नसते.

ज्यांच्या शेताजवळून कारखान्याचें अगर शहराचें सांडपाणी जातें, किंवा जाण्याचा संभव आहे, त्यांनीं पुढील नोंदी आजपासूनच ठेवाव्या. खर्च थोडा आहे. विहिरीच्या कांठावर एक कायमची खूण करावी व तेथून पाण्यापर्यंतची खोली टेपानें मोजावी. पंप रात्रभर बंद राहिल्यावर सकाळीं मोजावी, नाहीं तर आंकडा फसवा येतो. हें माप निदान पावसाळ्यापूर्वीं एकदां व दसऱ्याच्या सुमारास एकदां घ्यावें. महिन्यास घेतां आलें तर उत्तम. पंप किती तास चालला, कोणत्या पिकास किती क्षेत्रास पाणी दिलें, पाटाचें पाणी केव्हां आलें, तेंही वहींत लिहावें. वर्षांतून दोनदां, त्याच सुमारास, पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. पंप थोडा वेळ चालवून, त्याच पाण्यानें बाटली तीनदां विसळून मग भरावी. बाटलीवर गट नंबर, तारीख व वेळ लिहावी, व ती त्याच दिवशीं प्रयोगशाळेंत पोंचवावी. एकूण क्षार, क्लोराइड व नायट्रेट एवढें तरी तपासण्यास सांगावें. नाल्यास नवें पाणी कोणत्या दिवशीं आलें, त्याचा रंग व वास कसा होता, याची नोंद त्याच दिवशीं करावी. मागाहून आठवून लिहूं नये. एका विहिरीच्या वहीपेक्षां बांधाला बांध लागून असलेल्या पांच-सहा विहिरींच्या वह्या कितीतरी पटीनें कामाच्या आहेत, म्हणून शेजाऱ्यांनीं एकाच दिवशीं मापें घेण्याचा ठराव करावा, आणि अहवालाची एक प्रत घरीं व एक सोसायटीच्या दप्तरीं ठेवावी.